पाचटातला पिंजरा

"आत हो," गंगूबाई म्हणाली आणि दोन्ही तळहातांनी तिनं माझ्या पाठीत असा रेटा दिला, की मी पिंजऱ्यात थेट गुडघ्यांवर आपटले. आपटले ती नेमकी पाट्यावर. बिबट्याचा पाय पडला की ज्यानं दार खाली येतं, तो पत्र्याचा पाटा. वरचा खटका सुटला, माझ्या मागं दार धाडकन पडलं आणि जाळीपलीकडच्या कप्प्यात आमिषाला बांधलेली शेळी जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली. मला मात्र ओरडताही येईना.

"आता कळंल," गर्दीतनं एकजण म्हणाला. "आत बसल्यावर कसं वाटतं, ते कळंल सरकारला."

म्हणजे मी सरकार! खाकी कपडे, वर पहाटेच्या गारव्याला चढवलेला जर्किन, हातात वेताची काठी, पायात झिजलेले बूट आणि गळ्यात 'सारिका गवारी, वनरक्षक' असं लिहिलेलं ओळखपत्र. उंबरदरा गाव माझ्याकडं होतं. पहाटे गंगूबाईची थोरली सून सुलभा गोठ्यात धार काढायला गेली होती. बिबट्या उसातनं आला आणि तिला घेऊन उसात गेला. उजाडल्यावर ती सापडली. मी पाहिलंय ते, म्हणून इथं सांगत नाही. तिला तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदनाला नेलं आणि आम्ही ट्रॅक्टरवर घालून पिंजरा गंगूबाईच्या बांधावर आणला.

'परत' आणला म्हणायला हवं. कारण आदल्या आठवड्यापर्यंत पिंजरा इथंच होता. याच बांधावर, याच बाभळीखाली. मग एका संध्याकाळी वरून फोन आला आणि तो उचलून खडकमाळला नेऊन ठेवला. खडकमाळला बिबट्यानं दोन कुत्री नेली होती. इथं आता माणूस गेलं होतं.

"पिंजरा कुणाच्या सांगण्यावरनं उचलला?" गंगूबाई गजांना तोंड लावून विचारत होती. उंच, सुकलेली बाई, पदर कमरेला खोचलेला. "मी तुझ्या पाया पडले होते, गार्डबाई. म्हनलं होतं, नको नेऊ."

"मावशी, वरून आदेश होता."

"वरून म्हंजे कुठून? देवाकडून?"



माझे रेंजर साहेब 'जादा कुमक आणतो' म्हणून जीप घेऊन गेले ते गेलेच. दोन पोलीस होते. लोकांनी त्यांना रस्त्यापर्यंत रेटत नेलं होतं, आणि तिथून ते टोप्या सावरत नुसते बघत होते. उरले ट्रॅक्टरवरचे मजूर. ते केव्हा गर्दीत मिसळले, मला कळलंही नाही.

आणि मग हौशीराम पाचट आणायला लागला. हा गंगूबाईचा धाकटा, सुलभाचा दीर. एरवी मला बघून 'मॅडम, चहा घ्या' म्हणणारा पोरगा. बांधाअलीकडच्या उसाची तोड नुकतीच झालेली, त्यामुळं शेतात वाळल्या पाल्याचे ढीगच्या ढीग. तो कवेत मावेल तेवढं पाचट आणायचा आणि पिंजऱ्याच्या कडेनं टाकायचा. एकही शब्द बोलायचा नाही. त्याचं बघून आणखी चार-पाचजण आणायला लागले. पाचट कसं पेटतं, हे मी दर उन्हाळ्यात बघितलंय. काडी लावायचा अवकाश, माणसाला मागं सरायलाही वेळ मिळत नाही. मी उभी राहिले तर डोकं वरच्या गजांना लागत होतं, बसले तर गुडघे पोटात. हात घामानं असे निसरडे झालेले की गज धरता येईना.

"हौशीराम, काय करतोयस बाबा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, पण नजर माझ्यातनं आरपार शेळीवर गेली. मग तो गेला आणि पंपाचा डिझेलचा कॅन घेऊन आला.

आयुष्यात मी खूप घाबरले आहे, नाही असं नाही. पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. ती माणसं ओळखीची होती, म्हणून ती वेगळी. अनोळखी असती तर मी हातापाया पडले असते. यांच्या घरी मी जेवले होते.

एवढ्यात रस्त्याकडनं आरोळी आली, "शेठ आले! सुदामशेठ आले!"

मी एकदम मान वर केली. आनंदानं नव्हे. सुदामशेठ हाडवळे आमचे आमदार, आणि पिंजरा खडकमाळला न्या म्हणून आलेला फोन त्यांचाच होता. ते रेंजर साहेबांशी बोलले आणि रेंजर साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. "ताई, खडकमाळची माणसं माझ्या ओट्यावर बसलीत. उठायला तयार नाहीत. उंबरदऱ्याचं नंतर बघू." खडकमाळ मोठं गाव आणि उंबरदरा वाडीएवढं, आता याहून काय सांगायचं! आणि मला या पिंजऱ्यातनं कुणी बाहेर काढू शकणार असेल, तर तो हाच एक माणूस होता. मी त्यांचं नाव घेतलं असतं तर कुणाला ते पटलं नसतं. आणि पटलं असतं, तर मला सोडवायला कुणीच उरलं नसतं. काय करायचं माणसानं? तोंड शिवून बसायचं.

शेठ बुटके, गोल, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट. मतदारसंघातला एक दहावा चुकवायचे नाहीत. म्हाताऱ्यांना नावानं हाक मारायचे, पोराला कुठं नोकरी लागली ते विचारायचे. त्यांची एक रीत होती, मी ती पुष्कळ सभांना बंदोबस्ताला उभी राहून बघितली होती. आल्या आल्या बोलायचं नाही. हात जोडून गप्प उभं राहायचं आणि गर्दीत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तो काय म्हणतोय, ते ऐकायचं. मग तेच वाक्य त्याच्याहून मोठ्यानं म्हणायचं. लोक म्हणायचे, शेठ अगदी आपल्या मनातलं बोलतात! बोलणारच की.

तसेच ते उभे राहिले. हात जोडलेले, मान खाली.

"या बाईला जाब विचारा!" हौशीराम ओरडला.

"जाब?" शेठ गरजले. "जाब तर मी विचारणारच! माझी लेक गेलीय आज! उघडा ते दार!"

गर्दीत वारं भरल्यासारखं झालं. दोघांनी दोर ओढून दार वर घेतलं आणि खटक्याला अडकवलं. शेठ वाकून आत आले. त्यांना दोन पावलं आत येऊन माझ्यावर चार शब्द ओरडायचे होते, बाहेर एक पोरगा मोबाइल धरून उभा होता त्याच्याकडं तोंड करून. मी म्हणाले, "शेठ, पाय—"

त्यांनी पाय पाट्यावरच ठेवला. दार धाडकन पडलं.

क्षणभर सगळे हसले. हो, हसले. मग हसू विरलं आणि हौशीरामनं पुढं होऊन दाराला बाहेरनं लोखंडी खीळ घातली.

"असू द्या," तो म्हणाला. "शेठ, आता आतनंच फोन लावा. बिबट्याला गोळी घालायचा हुकूम सुटला, की दार उघडंल."

"अरे हौशा, वेडा झालास का? मी तुमचा माणूस!"

"म्हनूनच सांगतोय. लावा फोन."

शेठनी फोन लावला. एकाला लावला, दुसऱ्याला लावला. 'साहेब बैठकीत आहेत.' 'साहेब प्रवासात आहेत.' बाहेर डिझेलचा वास सुटला होता. हौशीराम पाचटाच्या कडेकडेनं कॅन तिरपा करत चालला होता, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा, आणि त्याला कुणी 'नको' म्हणत नव्हतं. शेळी ओरडून ओरडून बसली होती. शेठ माझ्या शेजारी खाली टेकले, खांद्याला खांदा लागला.

"ताई," ते ओठ न हलवता म्हणाले, "त्या फोनचं बोलू नकोस."

मला असा राग आला, काय सांगू! "बोलले तर दोघंही जळू शेठ. तेवढी अक्कल आहे मला."

"हे काडी लावतील का गं?"

"तुम्हाला ठाऊक. तुमची माणसं."

त्यांनी बाहेर बघितलं. एकेका चेहऱ्याकडं बघत गेले, मला ते दिसत होतं. दर चेहऱ्याला ते नावानं ओळखत होते. कुणाच्या लग्नाला गेले होते, कुणाच्या बापाला खांदा दिला होता. आणि दर चेहऱ्यापाशी त्यांचा श्वास आणखी आखूड होत चालला.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं यांच्यात राहतोय. आज मला सांगता येत नाही."

हे ऐकलं आणि माझी उरलीसुरली आशा गेली. कारण लोक काय करतील, हे ज्याला नाकानं कळायचं, तोच माणूस असं म्हणत होता. मी डोळे मिटले आणि आईचं तोंड आठवायला लागले. ते आठवेना. आठवलं काय, तर घरी भिजत घातलेली मटकी.

"शेठला सोडा."

गंगूबाईचा आवाज होता. ती पुढं आली. हौशीरामच्या हातातली काडेपेटी तिला दिसत होती, तरी ती त्याला काही बोलली नाही. "शेठ आपल्या सुखदुःखाला येतात. शेठचा काय गुन्हा? शेठला बाहेर घ्या. बाई राहू दे."

बाई राहू दे! इतक्या साधेपणानं म्हणाली. जेवणाचं ताट बाजूला ठेवावं तसं.

खीळ निघाली. दोघांनी दोर ओढला, दार वर गेलं. समोर मोकळं ऊन, मोकळी वाट. हौशीराम दाराशी उभा राहिला, मी धाव घेऊ नये म्हणून काठी आडवी धरून.

"या शेठ, बाहेर या."

मी शेठचा हात धरला नाही. धरावासा वाटला, पण धरला नाही. जाणाऱ्या माणसाला काय धरायचं? मी नुसती त्यांच्याकडं बघत राहिले.

शेठ उठले नाहीत.

"शेठ, या की."

ते समोर बघत बसून राहिले. मान ताठ, दोन्ही हात मांड्यांवर. गर्दी हळूहळू गप्प झाली. एवढी, की पाचट वाऱ्यानं सळसळलेलं ऐकू यायला लागलं.

"शेठ?"

मला वाटलं, यांना झटका आला. मी कडेनं बघितलं. मांड्यांवरचे हात खरं तर मांड्या दाबून धरत होते. पाय लटलटत होते, पिठाच्या गिरणीचा पट्टा थरथरतो तसे. आणि पांढऱ्या पॅन्टवर ओल पसरत चालली होती.

"पाय गेले माझे," ते पुटपुटले. "उठवत नाही. उठवत नाही गं."

बाहेरच्यांना यातलं काही दिसत नव्हतं. पाचटाचा ढीग कमरेएवढा होता, आणि दाराशी उभ्या हौशीरामची नजर माझ्यावरच होती. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की दार उघडं आहे, आमदाराला बाहेर बोलावलंय आणि आमदार गार्डबाईच्या शेजारनं हलत नाहीत.

"तिला सोडून येत न्हाईत शेठ," एक म्हातारा म्हणाला.

बस्स. तेवढंच. पण ते वाक्य असं पसरलं, की विचारू नका. मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय झालं? शेठ येत नाहीत. का? बाईला टाकून यायला तयार नाहीत. पेटवायचं तर मलाही पेटवा म्हणतात! हे कुणी म्हटलं, देव जाणे. शेठच्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हौशीरामची काठी खाली आली, मग तो स्वतःच मटकन खाली बसला आणि वहिनीचं नाव घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला. गंगूबाईनं त्याच्या मुठीतनं काडेपेटी काढून घेतली.

"सुदामशेठचा विजय असो!"

चौघांनी शेठला उचलूनच बाहेर काढलं. मी अंगावरचा जर्किन काढून त्यांच्या कमरेला गुंडाळला, कुणी बघायच्या आत. त्यांना खांद्यावर घेऊन नाचवायलाही तयार झाले होते लोक. शेठच्या ड्रायव्हरनं, नामानं, कसंबसं दोघांना गाडीत कोंबलं आणि गाडी तालुक्याच्या रस्त्याला लावली.

माझे दात वाजत होते, ऊन एवढं असून. शेठचा फोन मात्र थांबेना. ते उचलायचे, ऐकायचे, 'हं' म्हणायचे आणि ठेवायचे.

"सारिकाताई," ते शेवटी म्हणाले, "पाय चालले असते तर मी गेलो असतो."

"माहीत आहे."

"तुला टाकून."

"हो शेठ. माहीत आहे मला."

नामा आरशातनं एकदा बघून पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला. फोन परत वाजला. शेठनी तो नुसताच हातात धरला.

"सगळे एकच म्हणतायत," ते म्हणाले. "शेठ बाईला सोडून आले नाहीत. सासवडहून माझ्या बहिणीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, दादा, आज आपल्या वडिलांचं, आबांचं नाव राखलंस." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आजवर लोक जे म्हणतील ते मी कधी खोटं पाडलं नाही, ताई."

मला वाटलं, भीतीनं माणूस बरळतोय.

दवाखान्याच्या वळणावर नामानं करकचून ब्रेक मारला. रस्ता माणसांनी भरला होता. सुलभाचं माहेर तालुक्याजवळचंच, तिथली सगळी भावकी प्रेत ताब्यात घ्यायला आली होती. त्यांच्यापर्यंत बातमी अर्धीच पोहोचली होती. कुणीतरी गाडीच्या काचेतनं माझी खाकी बघितली.

"हीच ती! हिनंच पिंजरा हलवला! बाईला ताब्यात द्या!"

उंबरदऱ्यात निदान माणसं ओळखीची होती. इथं एकही नव्हतं. काचांवर तळहात आपटायला लागले. माझ्या बाजूचं हँडल बाहेरून कुणीतरी ओढत होतं. मी सीटखाली सरकले, अगदी उंदरासारखी, आणि त्याची मला तेव्हा लाजही वाटली नाही.

"शेठ, मागं घेतो," नामा म्हणाला.

शेठ तोवर दार उघडून उतरले होते. कमरेला माझा जर्किन. लोक थोडे मागं सरले, घोषणा थांबली नाही. शेठ हात जोडून उभे राहिले, मान खाली घालून. ऐकत होते.

मला ती रीत ठाऊक होती. सगळ्यात मोठा आवाज सुलभाच्या भावाचा होता, 'बाईला ताब्यात द्या.' आता शेठ मान वर करणार आणि तेच वाक्य त्याच्याहून मोठ्यानं म्हणणार. मला दुसरं काही होईल असं वाटलंच नाही. मी नामाच्या सीटची पाठ घट्ट धरली.

शेठनी मान वर केली.

"तिनं नाही हलवला," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पुढच्यांना ऐकू गेला, मागचे 'काय, काय' करायला लागले. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सभेतल्यासारखं. "पिंजरा माझ्या फोनवरनं हलला. खडकमाळची माणसं माझ्या दारात बसली होती, त्यांना मी नाही म्हणू शकलो नाही. बाई नोकर माणूस. तिला सांगितलं, तिनं केलं. सुलभा माझ्यामुळं गेली."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. पहिला दगड गाडीच्या टपावर वाजला आणि दुसरा शेठच्या कानाशी लागला. रक्ताची रेघ पांढऱ्या कॉलरवर उतरली.

"शेठ, बसा! बसा आत!" नामा ओरडत होता. त्यानं रिव्हर्स टाकला होता, मागं रस्ता मोकळा होता.

शेठ वळले. झपझप गाडीपर्यंत आले. पाय नीट चालत होते त्यांचे, मी बघितलं. मी आतनं सरकून त्यांना जागा केली.

त्यांनी उघडं राहिलेलं दार बाहेरून लावून टाकलं.

"नामा, ताईला घेऊन नीघ," ते काचेतनं म्हणाले. मग ते वळले आणि परत लोकांत चालत गेले.